लवकर उठे त्यास सोने भेटे

लवकर उठणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तो मी रोज उठल्यानंतर व्यक्त करतो. आता माझं उठणं जरा उशिरा होतं आणि तोवर ही मंडळी आपापल्या उद्योगाला लागलेली असतात, त्यामुळे माझा आदर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

बरं, आमच्या वाईत उशिरा उठणं ही काही सोपी गोष्ट नव्हे. पुण्या-मुंबईत माणूस दहापर्यंत झोपला तर शेजारच्या ब्लॉकला पत्ता लागत नाही. वाईत साडेसहाला दाराबाहेरची दुधाची पिशवी आत गेली नाही की सात वाजता आळीतून चौकशी सुरू होते, "बरं नाही का हो?" गावाला दक्षिण काशी म्हणतात. कृष्णेचे घाट पहाटेपासून जागे. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळात आमचा ढोल्या गणपती बसलेला आहे. एवढं प्रशस्त अंग असूनही तो बसलेलाच आहे, आडवा झालेला नाही, हे लहानपणी मला मुद्दाम दाखवण्यात येई. पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक घंटा टांगलेली आहे. ती मूळची वसईच्या फिरंग्यांच्या देवळातली. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या, त्यांतली ही एक. म्हणजे पहाटे माणसांना उठवण्याची सामग्री आम्ही लढाया मारून आणलेली आहे! अशा गावात माझ्यासारख्यानं साडेआठला उठायचं म्हणजे चेष्टा नाही. त्याला निग्रह लागतो.

आमचे बाबा शाळामास्तर. पहाटे चारला उठायचे आणि कृष्णेवर जायचे. थंडीत मात्र घरी, कढत पाण्यानं. "ब्राह्म मुहूर्तावर उठणाऱ्याचं कधी वाईट होत नाही," हे त्यांचं ठाम मत. मी कॉमर्सचा विद्यार्थी. कॉलेजात गेल्यावर मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. ब्राह्म मुहूर्त सुरू होतो सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे शहाण्णव मिनिटं. थंडीत सूर्योदय सातला धरला तर तो उघडतो पाच चोवीसला. आणि बाबा उठतात चारला. म्हणजे रेशनच्या दुकानासारखं, मुहूर्त उघडायच्या आधी जवळजवळ दीड तास हे रांगेत उभे! बाबांनी कागद नीट वाचला. "हिशेब बरोबर आहे," म्हणाले, "पण दुपारी बाराला उठून केलेला दिसतोय."

बाबा आता नाहीत. त्यांची जागा घरात कुणी घेईल अशी धास्ती नव्हती, कारण पुढच्या पिढीत माझा भाचा झोपेच्या बाबतीत थेट माझ्यावर गेलेला. ताई म्हणे, "मामाचं सगळं घेतलंस, फक्त बँकेतली नोकरी तेवढी घेतली नाहीस." हा भाचा हंगेरी सरकारची शिष्यवृत्ती मिळवून डेब्रेत्सेन नावाच्या गावी शिकायला गेला. आणि एके दिवशी त्याचा फोन आला. "मामा, ऐक," म्हणाला, "कि कोरान केल, ऑरॉन्यॉत लेल."

मला वाटलं तोंडात घास आहे. आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "केळं खातोय का रे तो?"

तर ती हंगेरियन म्हण निघाली. कि म्हणजे जो, कोरान म्हणजे लवकर, केल म्हणजे उठतो, ऑरॉन्यॉत म्हणजे सोनं, लेल म्हणजे सापडतं. लवकर उठे त्यास सोने भेटे! ज्याला मी उशिरा उठण्याचे धडे दिले, तो पोरगा सहा हजार किलोमीटरांवरून मलाच ऐकवत होता. आठचं लेक्चर असतं म्हणून आता सहाला उठतो म्हणे. मी तिथल्या तिथे घड्याळ काढलं. हिवाळ्यात हंगेरी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. मी वाईत साडेआठला उठतो तेव्हा डेब्रेत्सेनला पहाटेचे चार वाजलेले असतात. म्हणजे मी अगदी बाबांच्याच वेळेला उठतो, फक्त डेब्रेत्सेनच्या घड्याळाप्रमाणे. "तू सहाला उठतोस, मी चारला," मी म्हणालो, "तेव्हा सोनं आधी मला." त्यानं फोन ताईकडे देतो असं सांगून ठेवून दिला. ताई होती साताऱ्यात.

पण म्हण डोक्यातून जाईना. एक तर आमच्या धंद्यातला शब्द. मी बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसतो. सोनं कुणाला सापडतं, कुणाचं हरवतं हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली. तेव्हा म्हटलं, हे लवकर उठवण्याचं कारस्थान मुळात कुणाचं, याचा एकदा छडा लावू.

पहिला धक्का घरातच बसला. "लवकर निजे, लवकर उठे" हे मी आजवर कुणा संताचं वचन समजत होतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर ते ज्या गंभीर अक्षरांत रंगवलेलं होतं, त्यावरून दुसरी शंकाच येत नसे. ते निघालं इंग्रजी म्हणीचं भाषांतर! इंग्रजांकडे ती १६३९ सालच्या एका म्हणींच्या पुस्तकात छापलेली आहे, आणि पुढे अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं १७३५ साली आपल्या पंचांगात घालून ती जगभर केली. पुढचं जास्त गमतीचं आहे. हाच फ्रँकलिन म्हातारपणी पॅरिसला वकील म्हणून राहिला, तेव्हा मध्यरात्रीनंतर झोपून दुपारच्या सुमाराला उठू लागला. १७८४ साली त्यानं तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. त्यात म्हणतो, एकदा चुकून सकाळी सहाला जाग आली आणि पाहतो तो खोलीत उजेड! सूर्य उगवल्याबरोबर प्रकाश देतो हा शोध आपल्याला लागला आहे. मग त्यानं हिशेब केला. पॅरिसची एक लाख कुटुंबं, १८३ रात्री, रोज सात तास मेणबत्त्या, तासाला अर्धा पौंड मेण. एकूण ६ कोटी ४० लाख ५० हजार पौंड मेण फुकट जळतं. मी कॅल्क्युलेटरवर ताळा करून पाहिला, बरोबर येतो. उपाय म्हणून खिडक्यांच्या झडपांवर कर बसवा, आणि सकाळी देवळांच्या घंटांनी भागलं नाही तर रस्त्यारस्त्यात तोफा उडवा, असं तो सुचवतो. सारी थट्टाच. पण ज्याच्या नावावर आमच्या शाळेनं आम्हांला पहाटे उठवलं, तो गृहस्थ स्वतः दुपारी उठत होता, हे मला चौथीत कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

देशोदेशीच्या म्हणी पाहू लागलो तर प्रत्येकानं उठणाऱ्याला वेगळं आमिष दाखवलेलं. जर्मन म्हणतात, सकाळच्या प्रहराच्या तोंडात सोनं असतं. पोलंडचे लोक म्हणतात, देव देतो. काय देतो ते सांगत नाहीत. इंग्रजांच्या लवकर उठणाऱ्या पाखराला मिळतो किडा. आता किड्यासाठी कोण पांघरूण सोडणार? स्पॅनिश माणूस मला शहाणा वाटला. देव उठणाऱ्याला मदत करतो असं तोही म्हणतो, पण लगेच दुसरी म्हण जोडतो की कितीही लवकर उठलात तरी उजाडायचं तेव्हाच उजाडतं. हे आमच्या कोंबड्याचंच दुसरं अंग. आम्ही कोंबडं झाकून पाहिलं, त्यांनी लवकर उठून पाहिलं, तांबडं आपल्या वेळेलाच फुटलं.

हंगेरीवाल्यांनी सोनं म्हटलं त्यात मात्र तथ्य आहे. त्यांच्या जमिनीत ते खरोखरच होतं. चौदाव्या शतकात युरोपातल्या सोन्याचा मोठा वाटा हंगेरीच्या राज्यातून निघे. राजा पहिला कार्ल यानं १३२५ च्या सुमाराला फ्लॉरेन्सच्या नमुन्यावर सोन्याची नाणी पाडायला सुरुवात केली, आणि फ्लॉरेन्सवरूनच पडलेलं फोरिंट हे नाव आजही तिथल्या चलनाला आहे. क्रेमनिट्साच्या खाणीत माणसं लवकर उठून उतरत असणार, त्यांना सोनं सापडतही असणार. ते जायचं टांकसाळीत. सापडणं वेगळं आणि मिळणं वेगळं, हा भेद म्हणीत कुठे दिसत नाही. आता तर तो खाणीचा गावच हंगेरीत नाही. पहिल्या महायुद्धानंतर नकाशे बदलले आणि आज तो स्लोवाकियात आहे.

आणि मग १९४६. हे प्रकरण बँकेतल्या माणसानं रात्री झोपण्यापूर्वी वाचू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत पेंग्यो नावाचं चलन घसरलं, ते इतकं की त्या वर्षीच्या जुलैत भाव पंधरा पंधरा तासांनी दुप्पट होऊ लागले. रात्री नऊला झोपून दुपारी बाराला उठणाऱ्या माणसाच्या उशाखालचे पैसे निम्मे झालेले! व्यवहारात आलेल्या सर्वांत मोठ्या नोटेची किंमत एकावर वीस शून्यं इतके पेंग्यो. १ ऑगस्ट १९४६ ला नवा फोरिंट आला तेव्हा एका फोरिंटला चारावर एकोणतीस शून्यं इतके पेंग्यो पडले. तिथल्या कॅशियरचा विचार मनात येऊन मला घाम फुटला. आमच्याकडे संध्याकाळी सत्तेचाळीस रुपयांचा फरक आला तर आठ वाजेपर्यंत घरी जाता येत नाही. पण एवढं खरं की लवकर उठण्याचा रोख फायदा इतिहासात कधी आकड्यांत सिद्ध झाला असेल तर तो त्या जुलैत. सहाला उठून बटाटे घेणारा आणि रात्री नऊला घेणारा यांच्यात बरोबर दुपटीचा फरक.

हे सगळं मी कौतुकानं आमच्या गुरुजींना सांगत होतो. गुरुजींनी मला शाळेत संस्कृत शिकवलं. त्यांच्या शिकवण्याला बोल नाही. पस्तीस मार्क मीच पाडले. दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला येतात. बँक दहाला उघडते, गुरुजी साडेनऊला पायरीवर. "हयात आहे हे सांगायला तरी वेळेवर आलं पाहिजे," असं म्हणतात.

"म्हण परत म्हण बघू," गुरुजी म्हणाले.

मी म्हटली.

"सोन्याला काय म्हणतात म्हणालास? ऑरॉन्य?" गुरुजींनी चष्मा काढला. "अरे गाढवा, हे आपलं हिरण्य!"

गुरुजींचा आवाज शाळेतलाच. लाइनीतली चार माणसं वळून पाहू लागली.

मग टेबलावरच वर्ग भरला. हंगेरियन भाषा मुळात आपल्या कुळातली नव्हे. तिचं गोत्र फिनलंडच्या भाषेशी जुळतं. पण या लोकांचे पूर्वज गवताळ मुलखात घोड्यांवर हिंडत असताना इराणी बोली बोलणाऱ्या टोळ्या त्यांच्या शेजाराला होत्या, आणि शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसे त्यांनी शब्द आणले. संस्कृतात जिथे ह, तिथे इराणीत झ. आपला हस्त तो त्यांचा झस्त. आपलं हिरण्य ते अवेस्तातलं झरण्य. हंगेरियनपर्यंत जाताना पुढचा झ गळून पडला आणि राहिलं ऑरॉन्य. तसंच त्यांचं साझ म्हणजे आपलं शत, एझेर म्हणजे फारसी हजार, म्हणजेच आपलं सहस्र. मधाला म्हणतात मेझ, तो मधूचा नातलग. बाजाराला म्हणतात वाशार, आणि रविवार हा त्यांच्याकडे बाजाराचा दिवस, वॉशारनॉप. शंभर, हजार, सोनं आणि बाजार! माझ्या टेबलाचा सगळा कारभार या चार शब्दांत चालतो. म्हणजे भाचा परदेशात गेलाय असं आम्ही समजत होतो, तो निघाला चुलत्याकडे राहायला.

"आणि हरि म्हणजे काय?" गुरुजींनी विचारलं.

"देव," मी म्हणालो. आणखी पस्तीस मार्क.

"पिवळा! पिवळसर, सोनेरी. त्याच धातूचं हिरण्य आणि त्याच रंगावरून हरिद्रा. हरिद्रा म्हणजे?"

"हळद."

"बस."

हे आडनाव लावून न घेतलेलं केवढं एकत्र कुटुंब आहे पाहा! फारसीतली सोन्याची झर आमच्या पैठणीत जर होऊन बसली, पिवळा तो झर्द, त्यावरून पानवाल्याचा जर्दा, त्यावरूनच जर्दाळू. इंग्रजांचं गोल्ड यातलंच आणि यलोही यातलंच. गुरुजी दाखल्यावर सही करून निघून गेले आणि मी तीन पासबुकं चुकीची छापली.

ही सोयरीक शोधायला एक हंगेरियन खरोखर पायी निघाला होता. शांदोर क्यॉरॉशी चोमा त्याचं नाव, जन्म १७८४. आपले पूर्वज आशियात कुठे तरी सापडतील म्हणून तो १८१९ साली ट्रान्सिल्व्हेनियातून निघाला तो इराण, काबूल, लाहोर, काश्मीर करत १८२२ साली लडाखला पोहोचला. तिथल्या झांग्लाच्या नऊ फूट चौरस खोलीत, शेकोटीशिवाय, मेंढीच्या कातड्यात गुंडाळून घेऊन एका लामाजवळ तिबेटी शिकला. पूर्वज सापडले नाहीत. त्याऐवजी १८३४ साली कलकत्त्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापून निघालं आणि युरोपला तिबेटी भाषा उघडली. १८४२ साली ल्हासाच्या वाटेवर दार्जिलिंगला हिवतापानं तो गेला. त्याला अवगत असलेल्या भाषांची जी लांबलचक यादी आहे तिच्यात मराठीचंही नाव आहे. हा गृहस्थ पहाटे किती वाजता उठत असे याचा मी पुष्कळ शोध घेतला. त्या खोलीत झोप लागत असेल असंच मला वाटत नाही.

वाईकरांना कोशवाल्या माणसांचं कौतुक असणारच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश वाईत बसून उभा केला. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. अकारविल्ह्यात अमेरिका पुढच्या बाकावर आणि हंगेरी 'ह'मुळे पार शेवटच्या. एवढ्या वर्षांनी नंबर लागला, पण लागला. उशिरा येणाऱ्यांना धीर देणारी ही गोष्ट आहे.

आता हळदीकडे येतो, कारण माझं टेबल हळदीवर चालतं. वाईची हळद प्रसिद्ध. खाली सांगलीला हळदीची मोठी बाजारपेठ. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ती साठवत, २००५ च्या पुरानं त्यातली बरीच पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिला सगळे पिवळं सोनं म्हणतात आणि गुरुजींच्या व्युत्पत्तीप्रमाणे ते अक्षरशः खरं आहे. हळदीची लागण अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. म्हणजे त्या आठवड्यात निम्मं गाव सराफाकडे सोनं घ्यायला रांगेत, आणि उरलेलं माझ्यापुढे, सोनं ठेवायला. बेण्याला पैसा लागतो, खताला लागतो, बाईमाणसाच्या रोजगाराला लागतो.

पसरणीकडच्या एक मावशी दर वर्षी येतात. फडक्यात बांधलेल्या दोन पाटल्या. आमचा सराफ त्या कसोटीवर घासतो, वजन करतो, मी पावती लिहितो, पाकीट लाखेनं बंद होऊन तिजोरीत जातं. पुढे नऊ महिने हळद जमिनीत आणि पाटल्या बँकेत. मग हळद काढायची, काहिलीत शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. ओल्या पाच किलोंची सुकून साधारण एक किलो होते. भाव बरा लागला तर फाल्गुनात पाटल्या सुटतात, वैशाखात परत येतात. त्यांच्या हातात त्या राहतात फार तर दोन महिने.

हंगेरियन म्हण कळल्यावर मी त्यांना सहज विचारलं, "मावशी, पहाटे किती वाजता उठता हो?"

"कवा म्हंजी?" त्या म्हणाल्या. "हळद शिजाय लागल्याव उठायचं कुठलं आलंय, सायेब? उठायला आदी झोपावं लागतंय."

मी ती म्हण त्यांना सांगितली नाही. माझ्या टेबलाचा वीस वर्षांचा अनुभव असा की जो जितका लवकर उठतो तितकं त्याचं सोनं माझ्याकडे जास्त. साडेआठला उठणाऱ्यांची पाकिटं आमच्या तिजोरीत फार कमी आहेत.

मुदत संपत आली की बँक नोटीस पाठवते, ती रीत आहे. मी शिवाय आदल्या संध्याकाळी घरून फोन करतो. "उद्या शेवटचा दिवस, दहाला या, मी टेबलावर आहे." साहेब मला विचारतात, हे कुठल्या सर्क्युलरमध्ये आहे? कुठल्याच नाही. ते असं आहे.

ताईच्या लग्नात आईच्या पाटल्या गहाण पडल्या. एका पतपेढीत. दोन वर्षं व्याज भरत बाबांनी ओढलं, मग मुदत संपली, नोटीस आली, लिलावाची तारीख लागली. २००१ सालचा मार्च. बाबांनी कुठून कुठून पैसे जमवले. पण नेमकी त्या दिवशी त्यांची दहावीच्या परीक्षेची ड्यूटी बाहेरगावी लागलेली. आजी अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून आईला हलता येत नव्हतं. आदल्या रात्री बाबांनी पैसे मोजून माझ्या हातात दिले. "लिलाव अकराला आहे. तू दहाला दारात पाहिजेस." मी म्हटलं, "उठतो हो."

आईनं मला सातला उठवलं. आठला उठवलं. नऊला उठवलं तेव्हा "उठलोय" असं मी झोपेतच सांगितलं, आणि ती आजीचं करायला आत गेली. मी पतपेढीत पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. पैसे खिशात होते, पुरते होते. पाटल्या गेल्या होत्या.

संध्याकाळी बाबा आले. त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हातपाय धुवायला गेले. आई म्हणाली, "मीच आणखी एकदा हलवायला हवं होतं." ताईला आम्ही कुणी कळवलं नाही, भाच्याचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यानं ती म्हण मला गंमत म्हणून ऐकवली. लवकर उठे त्यास सोने भेटे. जगात एक दिवस असा होता की ही म्हण शब्दशः खरी होती, मला लागू होती, आणि मी झोपलो होतो. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी आईसाठी नव्या पाटल्या केल्या. तिनं त्या घातल्या, छान आहेत म्हणाली, आणि कपाटात ठेवल्या.

परवा पहाटे चारला फोन वाजला. भाचाच. त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा. "मामा, झोपला होतास का रे? मी पुन्हा आपल्या वळणावर आलोय. आणि ऐक, इथले लोकच त्या म्हणीची टिंगल करतात. जो लवकर उठतो तो दिवसभर पेंगतो, असं म्हणतात!" मी त्याला मनापासून आशीर्वाद दिला आणि पाणी प्यायला उठलो.

स्वयंपाकघरात आई बसली होती. अंधारात, दिवा न लावता.

"तू का उठलीस?" मी विचारलं.

"मी रोजच उठते," ती म्हणाली. "साडेतीनला जाग येते. तुझ्या बाबांचं पाणी तापवायचं असायचं ना. दिवा लावला तर तुझ्या खोलीत उजेड येतो, म्हणून लावत नाही."

बाबांच्या चार वाजता उठण्याचा मी एवढा हिशेब केला होता, पण ते साडेतीन त्यात कुठेच धरलेले नव्हते.

"कुणाचा होता फोन?"

"हंगेरीचा."

"जेवला का तो?"

मी विचारायला विसरलो होतो. आईनं उठून चहा टाकायला भांडं घेतलं. मी म्हटलं, "तू बस, मी करतो." दिवा लावला. मग बराच वेळ साखरेचा डबा शोधत राहिलो. शेवटी तिनंच बसल्या जागेवरून सांगितलं की तो डाव्या फळीवर, पिवळ्या झाकणाचा.